बाबा एवढं ओरडतात, तरी पलीकडे कळत का नाही? (सागरी वायरलेसमध्ये आवाजाचं काय होतं)



वर्गात ध्वनीचा पाठ चालू होता. वारंवारिता, आयाम, प्रतिध्वनी असं सगळं फळ्यावर लिहून झालं. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. त्याचे वडील मासेमारी बोटीवर तांडेल आहेत. तो म्हणाला, "सर, बाबा बोटीवरच्या वायरलेसवर एवढं ओरडतात, तरी पलीकडचा म्हणतो काय बोलताय कळत नाय. मग मोठ्या आवाजाचा उपयोग काय?"

मी पटकन उत्तर दिलं, "इंजिनाचा आवाज असेल रे." त्यावर तो म्हणाला, "इंजिन बंद असलं तरी तसंच होतं, सर."

प्रश्न साधा नव्हता. आपण एकमेकांशी बोलताना ऐकू आलं नाही तर पुन्हा विचारतो. पण रात्रीच्या वेळी बोटीत पाणी शिरतंय, हातात माईक आहे आणि जागा सांगायला एखादाच मिनिट मिळणार आहे, अशा वेळी "काय म्हणालात?" हा प्रश्न फार महाग पडू शकतो. म्हणून त्या रविवारी मी बंदरावर जाऊन त्याच्या वडिलांचा सेट पाहिला. तिथे काय दिसलं ते पुढे सांगतोच. त्याआधी माईकपासून पलीकडच्या स्पीकरपर्यंत आवाजाचा प्रवास कसा होतो, ते आपण टप्प्याटप्प्याने पाहू.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवा. हा सेट आवाज जसाच्या तसा पोहोचवण्यासाठी बनवलेला नाही. तो आवाजातला बराच भाग मुद्दाम टाकून देतो, काही भाग वाढवतो, काही दाबतो. अर्थ पोहोचला पाहिजे, एवढंच त्याचं काम. हे कळलं की त्याच्याशी कसं बोलायचं तेही कळतं.

१. आपल्या बोलण्यात काय काय असतं?

बोलण्याचे ढोबळ दोन भाग करू. पहिला स्वरांचा: अ, आ, ई, ऊ. हे जोरकस असतात. आवाजाची बहुतेक ऊर्जा यांच्यात असते आणि ती मुख्यतः खालच्या वारंवारितेत असते. दुसरा भाग व्यंजनांचा. त, क, प, स, श, फ हे आवाज क्षणभरच टिकतात, दुबळे असतात आणि त्यांतले बरेचसे वरच्या वारंवारितेत असतात.

आता गंमत बघा. शब्द कोणता आहे हे ओळखायला व्यंजनं जास्त उपयोगी पडतात. "काम", "दाम", "नाम", "घाम" या चारही शब्दांत स्वर तोच आहे. फरक फक्त सुरुवातीच्या छोट्याशा व्यंजनाचा. म्हणजे जो भाग दुबळा, त्यावरच अर्थ टेकलेला! पुढचं सगळं यंत्रशास्त्र या एका अडचणीभोवती फिरतं.

२. माईक: जवळचं ऐकायचं, लांबचं सोडायचं

बोटीवर डिझेल इंजिन, वारा, लाटा आणि माणसांचा आरडाओरडा असं सगळं एकदम चालू असतं. यातून बोलणाऱ्याचा आवाज वेगळा कसा काढायचा?

चांगल्या सागरी सेटच्या माईकला आवाज आत जाण्यासाठी पुढून आणि मागून अशा दोन वाटा ठेवलेल्या असतात. इंजिनाचा आवाज लांबून येतो. तो पडद्याच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सारख्याच दाबाने पोहोचतो. रस्सीखेचीत दोन्हीकडचा जोर सारखा असला की दोर हलत नाही, तसा पडदा हलत नाही. बोलणाऱ्याचं तोंड मात्र पुढच्या वाटेच्या अगदी जवळ असतं. पुढून दाब जास्त, मागून कमी. पडदा हलतो.

पण ही युक्ती तोंड जवळ असेल तरच चालते. आता थोडं गणित करू. मोकळ्या जागेत अंतर निम्मं झालं की ध्वनीचा दाब दुप्पट होतो. माईक तोंडापासून ४० सेंटिमीटरवर धरला आणि मग ५ सेंटिमीटरवर आणला, तर अंतर आठ पटींनी कमी झालं, म्हणजे आवाजाचा दाब आठपट झाला. डेसिबेलमध्ये हा फरक सुमारे १८. आणि इंजिनाचा आवाज? तो तेवढाच राहिला, कारण इंजिन जागचं हललेलं नाही. एकही शब्द मोठ्याने न बोलता नुसता हात जवळ आणून एवढा फायदा झाला.

माईक तोंडासमोर अगदी सरळ न धरता किंचित तिरका धरावा. नाहीतर प, फ, भ म्हणताना निघणारा श्वासाचा झोत पडद्यावर आदळतो आणि "भप्प" असा आवाज जातो.

३. गाळणी: ३०० ते ३००० हर्ट्झ

चांगल्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. सागरी व्हीएचएफ सेट त्यातला साधारण ३०० ते ३००० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे पाठवतो. वरची ३००० हर्ट्झची मर्यादा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीतच दिलेली आहे.

खालचा भाग का कापायचा? कारण इंजिनाची घरघर आणि वाऱ्याचा घुमारा बराचसा तिथेच असतो. वरचा भाग का कापायचा? कारण प्रत्येक चॅनेलला हवेत मिळालेली जागा ठरलेली आहे. याचा हिशोब पाचव्या टप्प्यात करू.

तुम्ही म्हणाल, पुरुषाच्या आवाजाची मूळ वारंवारिता तर १२० हर्ट्झच्या आसपास असते. ३०० च्या खालचं सगळं कापलं, तर आवाज बायकी ऐकू यायला हवा! तसं होत नाही. १२० हर्ट्झच्या आवाजाबरोबर २४०, ३६०, ४८०, ६०० अशा त्याच्या पटीही निघतात. गाळणीतून ३६०, ४८०, ६०० या पलीकडे पोहोचतात. त्यांच्यातलं अंतर १२० चं आहे हे आपला मेंदू ओळखतो आणि नसलेला मूळ सूर स्वतःच भरून काढतो. म्हणून फोनवरही बाबांचा आवाज बाबांचाच वाटतो.

मात्र काही गोष्टी मेंदूलाही भरून काढता येत नाहीत. स या अक्षराची सळसळ मुख्यतः ४००० हर्ट्झच्या वर असते, ती जवळपास सगळी जाते. इंग्रजीतल्या एफ अक्षराचंही तसंच. म्हणूनच फोनवर इमेल पत्ता सांगताना आपल्याला "एस, एस फॉर सांगली" असं म्हणावं लागतं.

आता खास मराठी उदाहरण. बासष्ट आणि पासष्ट हे दोन आकडे मोठ्याने म्हणून पाहा. फरक फक्त ब आणि प चा. ब म्हणताना ओठ उघडण्याआधीच गळ्यात घुमणं सुरू होतं, प म्हणताना होत नाही. गळ्यावर बोट ठेवून पाहा, कळेल. आणि ही घुमणी बरीचशी ३०० हर्ट्झच्या खाली असते, म्हणजे नेमकी गाळणीत अडकणारी! त्यात खरखर असेल तर ६२ आणि ६५ यांत गोंधळ व्हायला वेळ लागत नाही. समुद्रावर जागा सांगताना तीन मिनिटांचा फरक पडला, तर अक्षांशाच्या हिशोबाने तो तीन सागरी मैलांचा, म्हणजे साडेपाच किलोमीटरचा होतो.

४. उंच आवाजांना आधीच उचल

आता आपल्या दुबळ्या व्यंजनांकडे येऊ. एफएम पद्धतीच्या रेडिओत एक खोड असते. ग्राहक सेटमध्ये तयार होणारी खरखर सगळीकडे सारखी नसते, ती वारंवारितेबरोबर वाढत जाते. ३०० हर्ट्झपाशी खरखरीचा आयाम १ धरला, तर ३००० हर्ट्झपाशी तो १० होतो. म्हणजे आपली व्यंजनं आधीच दुबळी आणि खरखर नेमकी त्यांच्याच वस्तीत सगळ्यात जास्त!

यावर अभियंत्यांनी सोपा उपाय शोधला. पाठवतानाच उंच वारंवारितेला उचल द्यायची. याला प्री-एम्फसिस म्हणतात. नियम असा की वारंवारिता दुप्पट झाली की आयामही दुप्पट करायचा. संगीत शिकणाऱ्यांना हे लगेच कळेल: मध्य सप्तकातल्या सा पासून तार सप्तकातल्या सा पर्यंत वारंवारिता दुप्पट होते. म्हणजे दर सप्तकाला आयाम दुप्पट, डेसिबेलच्या भाषेत सप्तकाला ६ डेसिबेल. ३०० हर्ट्झला १ पट धरलं, तर ६०० ला २ पट, १२०० ला ४ पट, २४०० ला ८ पट आणि ३००० ला १० पट.

पलीकडच्या सेटमध्ये याच्या बरोबर उलट क्रिया होते, तिला डी-एम्फसिस म्हणतात. दसपट वाढवलेलं परत दहाने भागलं जातं. बोलणं पुन्हा मूळ प्रमाणात येतं. पण खरखर वाटेत, म्हणजे उचल देऊन झाल्यावर मिसळलेली असते. तिला कुणी वाढवलं नव्हतं, ती नुसतीच भागली जाते. बोलणं तेवढंच राहिलं, खरखर मात्र खाली बसली.

५. मर्यादा: इथे ओरडणं वाया जातं

आता आपल्या मूळ प्रश्नाच्या गाभ्याशी आलो.

एफएम म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. चॅनेल १६ ची वाहक लहर १५६.८ मेगाहर्ट्झची असते. आपण बोललो की ही वारंवारिता झोपाळ्यासारखी मागेपुढे होते. मोठा आवाज म्हणजे मोठा झोका, हळू आवाज म्हणजे छोटा झोका. झोके किती झपाट्याने घ्यायचे हे सुराच्या उंचीवर ठरतं. मात्र झोक्याला सीमा आहे: मध्यापासून दोन्ही बाजूंना जास्तीत जास्त ५ किलोहर्ट्झ. म्हणजे १५६.७९५ ते १५६.८०५ मेगाहर्ट्झच्या बाहेर झोका जाता कामा नये.

ही सीमा का? हवेत लागणारी जागा काढायचं एक ढोबळ सूत्र आहे, त्याला कार्सनचा नियम म्हणतात:

लागणारी जागा = २ × (कमाल झोका + आवाजाची कमाल वारंवारिता)

आपल्या सेटसाठी २ × (५ + ३) = १६ किलोहर्ट्झ. सागरी चॅनेल एकमेकांपासून २५ किलोहर्ट्झवर आहेत, त्यामुळे हे आरामात बसतं. आता झोका ५ ऐवजी १० होऊ दिला तर? २ × (१० + ३) = २६. शेजारच्या चॅनेलमध्ये घुसखोरी झाली! किंवा आवाज १५ किलोहर्ट्झपर्यंत जाऊ दिला तर? २ × (५ + १५) = ४०. तेही नाही चालणार. गाण्यांच्या एफएम केंद्राला ७५ किलोहर्ट्झचा झोका आणि १५ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज परवडतो, कारण त्याला जागाही तशी ऐसपैस मिळालेली असते: २ × (७५ + १५) = १८० किलोहर्ट्झ. समुद्रावर एवढी चैन नाही.

म्हणून सेटमध्ये एक लिमिटर बसवलेला असतो. आवाज ठरलेल्या पातळीच्या वर गेला की लिमिटर त्याचं डोकं कापतो. कापलेल्या लहरीला धारदार कोपरे येतात आणि नवे, नको असलेले सूर तयार होतात. ते चॅनेलबाहेर जाऊ नयेत म्हणून लिमिटरनंतर आणखी एक गाळणी असते. पण ३००० हर्ट्झच्या आत जे बिघडलं ते बिघडलंच. आवाज "फाटतो" असं आपण म्हणतो ते हेच.

आता ओरडून बोलताना काय होतं ते बघा. ओरडताना आपण आ, ओ, ए हे स्वर वाढवतो. त, प, क, स ही व्यंजनं फारशी वाढत नाहीत, कारण ती गळ्याच्या जोरावर नव्हे तर जीभ-ओठांच्या हालचालीवर तयार होतात. स्वर लिमिटरवर जाऊन आपटतात आणि फाटतात. काही सेट आवाज मोठा झाला की आपोआप वर्धन कमी करतात. अशा सेटमध्ये मोठ्या स्वराच्या पाठोपाठ येणारं बिचारं व्यंजन आणखीच दबतं. पलीकडच्याला ऐकू येतं ते "आआ... ओओ... ए". अर्थ सांगणारा भाग गेला आणि नुसती आरोळी पोहोचली.

आणि आणखी एक गैरसमज. ओरडल्याने आवाज लांब जातो का? तोंडाने हाक मारताना जातो, वायरलेसवर नाही. एफएममध्ये वाहक लहरीची शक्ती बोलण्यावर अवलंबून नसते. बोटीवर बसवलेला सेट जास्तीत जास्त २५ वॅट देतो. तुम्ही कुजबुजा, ओरडा किंवा बटण दाबून गप्प बसा, बाहेर पडणारी शक्ती तेवढीच.

मग पल्ला कशावर ठरतो? मुख्यतः अँटेनाच्या उंचीवर. व्हीएचएफ लहरी जवळपास सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. ढोबळ सूत्र असं:

क्षितिजाचं अंतर (किलोमीटर) = ४.१२ × √उंची (मीटर)

दोन्ही अँटेनांची अंतरं काढून बेरीज करायची. दोन बोटी, प्रत्येकीची अँटेना ४ मीटरवर: ८.२४ + ८.२४, म्हणजे साधारण १६.५ किलोमीटर. बोटीची ४ मीटर आणि किनाऱ्यावरच्या केंद्राची १०० मीटर: ८.२४ + ४१.२, म्हणजे साधारण ४९ किलोमीटर. हातातला सेट घेऊन होडीत बसलेल्या दोघांची उंची १ मीटर धरली तर जेमतेम ८ किलोमीटर. अँटेना उंचावर लावण्याने जे मिळतं ते घसा फोडून मिळत नाही.

६. पलीकडच्या सेटमध्ये: स्क्वेल्चचं बटण

एफएम सेटवर कुणी बोलत नसेल तर मोठी "सूऽऽ" अशी खरखर येते. दिवसभर ती ऐकणं अशक्य. म्हणून स्क्वेल्च नावाचा पहारेकरी ठेवलेला असतो. सिग्नल नसला की तो स्पीकर बंद ठेवतो, आला की उघडतो.

पण सिग्नल आला हे त्याला कसं कळतं? मला हा भाग सगळ्यात सुंदर वाटतो. नेहमीच्या सेटमध्ये हा पहारेकरी बोलणं ऐकतच नाही. तो ३००० हर्ट्झच्या वरची, म्हणजे जिथे बोलणं असूच शकत नाही तिथली खरखर ऐकतो. वाहक लहर आली की ती खरखर एकदम कमी होते. वस्तीतली कुत्री भुंकायची थांबली की ओळखीचं माणूस आलं हे घरातल्यांनी ओळखावं, तसं.

किती खरखर कमी झाल्यावर दार उघडायचं, ते बटण फिरवून ठरवता येतं. आणि धोका इथेच आहे. बटण फार घट्ट केलं, तर जोरदार सिग्नल आला तरच दार उघडतं. लांबचा, दुबळा सिग्नल दाराबाहेरच राहतो. सेट चालू असतो, दिवा लागलेला असतो आणि स्पीकर गप्प असतो. ऐकणाऱ्याला वाटतं, समुद्रावर सगळं शांत आहे.

त्या रविवारी बंदरावर मला नेमकं हेच दिसलं. मुलाचे वडील म्हणाले, "ती खरखर डोकं खाते मास्तर, म्हणून ते बटण पुरं पिळून ठेवलंय." मी त्यांना बटण पूर्ण सैल करायला सांगितलं. खरखर सुरू झाली. मग हळूहळू फिरवत ती जिथे नुकतीच थांबली तिथेच ठेवायला सांगितलं. थोड्या वेळाने स्पीकरमधून दोन बोटींचं पुसट बोलणं ऐकू आलं. ते काही क्षण तसेच उभे राहिले आणि म्हणाले, "म्हणजे इतके दिवस हे आमच्यापर्यंत येतच होतं?" येत होतं. त्यांच्याच सेटने दाराबाहेर थांबवलं होतं.

म्हणून बोटीवरच्या प्रत्येकाला माहीत असावा असा नियम: खरखर जिथे नुकतीच थांबते तिथेच बटण ठेवा, त्यापुढे नको. सिग्नल दुबळा वाटला तर बटण पूर्ण सैल करून खरखरीतून कान देऊन ऐका.

एफएमचा आणखी एक स्वभाव सांगून ठेवतो. एकाच चॅनेलवर दोघे एकदम बोलले, तर ग्राहक सेट जोरदार सिग्नल पकडतो आणि दुबळा जवळपास पुसून टाकतो. शेजारची बोट बाजारभाव विचारत असेल आणि लांबून कुणी मदत मागत असेल, तर ऐकू येईल बाजारभावच! चॅनेल १६ वर गप्पा मारू नयेत याला हे एक कारणही पुरेसं आहे. संकटाचा संदेश चालू असताना बाकीच्यांना शांत करण्यासाठी "सीलॉन्स मेडे" अशी घोषणा करतात, तीही त्यासाठीच.

७. नवे सेट: आकड्यांची करामत

आजच्या बऱ्याच सेटमध्ये आवाजाचे आधी आकडे केले जातात. नियम असा की सगळ्यात उंच वारंवारितेच्या दुपटीहून जास्त वेळा नमुने घ्यावे लागतात. ३००० ची दुप्पट ६०००, म्हणून बोलण्यासाठी सेकंदाला ८००० नमुने घेण्याची पद्धत रूढ आहे.

एकदा आकडे हातात आले की गोंगाट कमी करता येतो. बोलणारा दोन शब्दांमध्ये थांबतो, तेव्हा उरतो तो फक्त गोंगाट. सेट त्या वेळात गोंगाटाचं "चित्र" काढून ठेवतो आणि बोलणं सुरू झालं की त्यातून ते वजा करतो. स्टीव्हन बोल यांनी १९७९ मध्ये या वजाबाकीच्या पद्धतीवर महत्त्वाचा शोधनिबंध लिहिला. इंजिनासारखा एकसारखा आवाज यात छान कमी होतो. पण अचानक आलेली लाट, वाऱ्याचा झोत किंवा शेजारी बोलणारा माणूस यांना ही युक्ती लागू पडत नाही. आणि वजाबाकी जास्त केली तर दुबळी व्यंजनंही गोंगाट समजून कापली जातात, आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटतो. म्हणून ही सोय असली तरी गरजेपुरतीच वापरावी.

हातातल्या सेटच्या स्पीकरच्या जाळीत पाणी साठलं तरी आवाज दबतो. काही सेटमध्ये यासाठी खास बटण असतं. ते दाबलं की स्पीकर जोरात थरथरतो आणि पाणी बाहेर उडतं. ती सोय नसेल तर जाळी खाली करून पाणी झटकून टाकायचं.

८. बोलता येत नसेल तेव्हा: चॅनेल ७०

माणूस घाबरलेला असेल किंवा बोलायला वेळच नसेल, तर? त्यासाठी डीएससी ही सोय आहे. सेटवरचं झाकण उचलून लाल बटण दाबून धरलं की सेट स्वतःच चॅनेल ७० वर, म्हणजे १५६.५२५ मेगाहर्ट्झवर, संकटाचा संदेश पाठवतो. त्यात बोटीचा नऊ अंकी ओळख क्रमांक असतो (भारतीय बोटींचा ४१९ ने सुरू होतो) आणि जीपीएस जोडलेलं असेल तर जागाही असते.

हा संदेश १३०० आणि २१०० हर्ट्झ अशा दोन सुरांत जातो, एक सूर म्हणजे ० आणि दुसरा म्हणजे १. बघा, दोन्ही सूर आपल्या ३०० ते ३००० च्या पट्ट्याच्या आतच आहेत! माणसाच्या आवाजासाठी बांधलेल्या रस्त्यावरूनच यंत्र बोलतं. वेग सेकंदाला १२०० बिट. प्रत्येक चिन्हात ७ बिट माहितीचे आणि ३ बिट तपासणीचे असतात. शिवाय प्रत्येक चिन्ह थोड्या अंतराने दोनदा पाठवलं जातं, म्हणजे एकदा खरखरीत बुडालं तरी दुसऱ्यांदा सापडतं. हे सगळं साधारण अर्ध्या सेकंदात होतं.

९. मग बोलायचं कसं?

आता नियम पाठ करायची गरज नाही, कारणं कळली आहेत.

• माईक तोंडापासून दोन-तीन बोटांवर, किंचित तिरका धरा.
• बटण दाबल्यावर क्षणभर थांबा, मग बोला. नाहीतर पहिलंच अक्षर कापलं जातं.
• नेहमीच्या आवाजात, सावकाश आणि व्यंजनं स्पष्ट उच्चारत बोला. ओरडू नका.
• आकडे सुटे सांगा. "बासष्ट" नको, "सहा-दोन" म्हणा. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये स्वीकारलेल्या प्रमाणित वाक्प्रयोगांतही १५० हा आकडा "वन-फाइव्ह-झीरो" असा सुटा सांगायला शिकवतात.
• महत्त्वाचं पुन्हा सांगा. संकटाच्या वेळी "मेडे" तीनदा, बोटीचं नाव तीनदा, मग जागा, काय झालं, कोणती मदत हवी आणि बोटीवर माणसं किती. एकदा खरखरीत हरवलं तरी दोन संधी उरतात.

करून पाहा

संगणकावर ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. "बासष्ट, पासष्ट, सागर, काम, दाम, घाम" असे शब्द रेकॉर्ड करा. ३०० हर्ट्झची हाय-पास आणि ३००० हर्ट्झची लो-पास गाळणी लावा. आवाज एकदम वायरलेससारखा होईल. मग त्यात थोडी खरखर मिसळा आणि मित्राला ऐकवून शब्द लिहायला सांगा. दुसऱ्यांदा हेच शब्द ओरडून, आवाज फाटेल असे रेकॉर्ड करून पाहा. किती चुका वाढल्या ते मोजा. मात्र खऱ्या सागरी सेटवर गंमत म्हणून बोलू नका. त्याला परवाना लागतो आणि तिथे कुणाचा तरी जीव ऐकण्यावर अवलंबून असतो.

स्वाध्याय

१. दोन बोटींच्या अँटेना ९ मीटर उंचीवर असतील, तर त्या साधारण किती अंतरापर्यंत बोलू शकतील?
२. प्री-एम्फसिसमध्ये ३०० हर्ट्झच्या तुलनेत १५०० हर्ट्झचा आयाम किती पट होईल?
३. स्क्वेल्चचा पहारेकरी ३००० हर्ट्झच्या वरचीच खरखर का ऐकतो? बोलण्याच्या पट्ट्यातली ऐकली असती तर काय झालं असतं?
४. ओरडल्याने सेटचा पल्ला का वाढत नाही, हे आपल्या शब्दांत लिहा.

त्या मुलाला सोमवारी मी वर्गासमोर उभं केलं आणि उत्तर त्यालाच द्यायला सांगितलं. फळ्यावर झोक्याची आकृती काढून त्याने सगळ्यांना समजावलं. शेवटी म्हणाला, "सर, बाबा आता हळू बोलतात. आणि ते बटण मीच लावून देतो." त्या पाठाचे गुण मी त्याला तिथेच दिले.